बसलं की नाम

नाउनमास्तरांचीच नामं जावीत, हा देवाचा विनोद असेल तर देवाला विनोदाची अक्कल नाही, असं मास्तरीणबाई सरळ म्हणायच्या. समाचाराला आलेल्या कुणाला ते ऐकून वाईट वाटलं तर त्याने कानात बोळे घालावेत, हेही म्हणायच्या.

मास्तरांनी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं. नवा वर्ग समोर आला की सुरुवातीला दुसरं काही नाही, नुसती नामं. फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहायचं, एकेकाला उभं करायचं आणि विचारायचं, "यात नाउन कुठलं?" पोरांनी त्यांचं नाव नाउनमास्तर पाडलं, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. पोरं गांगरली की मास्तर आपली युक्ती बाहेर काढायचे. शब्दाचा अर्थ मराठीत आणायचा आणि त्याच्याआधी माझा, माझी नाहीतर माझं लावून बघायचं. माझा खडू. माझी शाळा. माझं डोकं. "बसलं की नाम. नाही बसलं की सोडा, पुढे चला!" माझा पळतो? नाही बसत, सोडा. माझी हळूहळू? नाही बसत, सोडा. एकदा एका आगाऊ कार्ट्याने रेड या शब्दाखाली रेघ ओढली आणि वर तोंड करून म्हणाला, "सर, बसतंय की! माझा लाल!" सगळा वर्ग खिदळला, आणि सगळ्यांत जास्त मास्तर. घरी जेवताना बायकोला हा किस्सा सांगताना त्यांना ठसका लागला होता.

अशा माणसाला एके सकाळी दाढी करता करता झटका आला. इस्पितळातून जीव परत आला, पण उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढायला लागला, आणि बोलण्यातून वेचून काढावीत तशी नामं गेली. बाकी सगळं जागच्या जागी. दे, घे, ये, जा, नको, दुखतं, आवडतं, सगळं शाबूत. पण काय दे, कोण येतं, कुठे दुखतं, त्याचा पत्ता नाही.

"अगं, ते दे ना."

"काय देऊ?"

"ते गं. पुसतात ते."

मास्तरीणबाईंनी टॉवेल आणावा. मास्तरांनी मान हलवावी. रुमाल आणावा, फडकं आणावं, शेवटी चिडून पायपुसणं उचलून दाखवावं. "नाही! पुसतात! बघतात!" मग कळायचं, चष्मा पुसायचं ते पिवळं कापड. ते त्यांच्या खिशातच असायचं. दिवसातून अशा किती फेऱ्या व्हायच्या याची मोजदाद कोण ठेवतो? संध्याकाळपर्यंत बाईंच्या पायांचे तुकडे पडायचे. खिडकीजवळ शिलाई मशीन होतं, शेजारपाजारचे कपडे लहानमोठे करून द्यायचं काम त्या कितीतरी वर्षं करत होत्या. आता एका पँटला अर्धी टीप मारून ती तशीच सुईखाली दाबलेली होती, आणि तिचा मालक दोनदा हात हलवत परत गेला होता.

इस्पितळाने त्यांना स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. हा शब्द काही मास्तरीणबाईंच्या जिभेला झेपला नाही. त्या तिला बोलती बाई म्हणायच्या. पोरसवदा होती, पण तिच्याजवळ धीर भरपूर होता. मास्तर इंग्रजीचे शिक्षक हे कळल्यावर तिने त्यांच्यापुढे इंग्रजी वाक्यांचा छापील कागद ठेवला आणि म्हणाली, "सर, यातली नाउन शोधून द्याल मला?"

मास्तरांनी डाव्या हातात पेन्सिल धरली. रेघा वाकड्यातिकड्या आल्या, पण एक नाम चुकलं नाही, एक सुटलं नाही. बोलती बाई खूश झाली. "म्हणजे आत सगळं आहे. फक्त ओठांवर येत नाही." मग तिने चित्रं काढली. कप दाखवला, मास्तर म्हणाले, "पितात." छत्री दाखवली, "उघडतात." किल्ली दाखवली तर नुसताच हात फिरवला. मग तिने घरच्यांचे फोटो मागितले. मुलाचा फोटो बघून मास्तर म्हणाले, "हा येतो. लांबून बोलतो." तेही खरंच होतं, मुलगा फोनच जास्त करायचा. शेवटी मास्तरीणबाईंचा फोटो समोर आला. मास्तरांनी फोटो बघितला, शेजारी बसलेल्या बायकोकडे बघितलं आणि एका दमात म्हणाले, "अगं."

"तुम्हाला घरी काय म्हणतात, काकू?" बोलत्या बाईने विचारलं.

"अगं."

"नाही, म्हणजे आजाराच्या आधी?"

"तेव्हाही अगंच."

"आणि तुम्ही त्यांना?"

"अहो."

बोलत्या बाईला हसू आवरेना. "म्हणजे दोघांत मिळून एक नाम नाही!" मग चूक झाल्यासारखा तिने चेहरा सरळ केला. "काही हरकत नाही. बऱ्याच जणांना आधी घरच्या माणसाचं नाव येतं. बायको, नाहीतर तुमचं नाव, काहीही चालेल. पुढच्या खेपेला मी हाच फोटो पुन्हा दाखवीन."

हसली ती सहज, पण तो शब्द मास्तरीणबाईंच्या काळजात रुतला. घरी येईपर्यंत तेच डोक्यात घोळत होतं. खरंच की, इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने आपल्याला एक नाम दिलं नाही. लग्न होऊन आलो तर सासूने सूनबाई केलं. मूल झालं आणि आई झालो. गल्लीने मास्तरीणबाई केलं, तेही याच्याच नावाला शेपूट जोडून. आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, चांगलं होतं, पण ते उच्चारणारी माणसं एकेक करून गेली आणि आता ते इस्पितळाच्या कागदावर सही करायच्या कामाचं उरलं. याच्या जिभेवर आपण कोण? अगं. त्यांनी मनातल्या मनात मास्तरांचीच युक्ती लावून बघितली. माझी अगं. नाही बसत, सोडा.

त्याच आठवड्यात मुलगा आला. वाईट नव्हता बिचारा, त्याचीही नोकरी, त्याचीही ओढाताण. स्वयंपाकघरात आईच्या शेजारी उभा राहून भाजी चिरायला लागला तेव्हाच मास्तरीणबाईंनी ओळखलं, काहीतरी सांगायचं आहे. एरवी हा पाण्याचा पेलासुद्धा जागेवर मागायचा.

"आई, मी एक जागा बघितली आहे. बाबांसारखीच माणसं असतात तिथे. रात्रंदिवस नर्स असते, खाणंपिणं वेळेवर. एक खोली रिकामी आहे."

"आणि मी?"

"तू रोज भेटायला जायचं. आई, परवा त्यांना उठवताना तुझी पाठ धरली होती, शेजारच्या काकूंनी सांगितलं मला. एक दिवस तू पडशील, मग मी कुणाकुणाकडे बघू?"

मास्तरीणबाईंना राग यायला हवा होता. तो आलाच नाही. उलट, रोज कुणीतरी दुसरं यांना उठवील, कुणीतरी दुसरं ते पिवळं कापड शोधील, हे ऐकून त्यांना अंग टाकून निजावंसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. म्हणाल्या, "किती दिवस धरून ठेवतील खोली?"

"पुढच्या आठवड्यात बाबांना घेऊन थेरपिस्टकडे जायचंय ना? त्या दिवशी हो-नाही कळवतो असं सांगितलंय."

बाईंनी तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं. कुणाला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं. फोटो दाखवल्यावर मी यांची कोण हे यांनी एका नामात सांगितलं, तर यांना घरी ठेवीन, पाठ मोडली तरी ठेवीन. पुन्हा अगं म्हणाले, तर अगंला काय, नर्सही ओ देईल.

मग सुरू झाली शिकवणी. बोलत्या बाईने दिलेले कागद घेऊन दोघं जेवणाच्या टेबलाशी बसायची. मास्तरांनी रेघा ओढायच्या आणि मास्तरीणबाईंनी त्या तपासायच्या. आता बाईंचं इंग्रजी म्हणजे अक्षर लावण्यापुरतं. पण युक्ती पाठ होती, अर्थ मास्तर हातवारे करून सांगायचे. एका वाक्यावर दोघांची जुंपली. द नर्सेस हेल्प द पेशंट. मास्तरांनी नर्सेसखाली रेघ ओढली, पेशंटखाली ओढली आणि हेल्प सोडून दिलं.

"हे राहिलं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नाही."

"नाही काय नाही? हेल्प म्हणजे मदत. माझी मदत. बसतंय की!"

"करतात!" मास्तर म्हणाले. "त्या करतात!"

"करतात ना? मदत करतात. मदत हे नाम, करतात हे क्रियापद. मला काय अगदीच ढ समजता?"

मास्तरांनी कपाळावर डावा हात मारला. चूक बाईंची नव्हती. आपण मराठी माणसं काहीही करायचं तर आधी एक नाम आणतो आणि त्याला करणं जोडतो. मदत करतो, काम करतो, विचार करतो. इंग्रज सगळं एकाच शब्दात उरकतो, म्हणून त्या युक्तीला तिथे भोक पडतं. शाळेत मास्तर हे पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगायचे. आता सांगायला गेले तर त्यांच्याजवळ फक्त करतात उरलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या कागदावर वाक्य आलं, शी नीड्स हेल्प. मास्तरांनी हेल्पखाली ठसठशीत रेघ ओढली. मास्तरीणबाईंचा पारा चढला.

"काल नव्हतं, आज कसं झालं? मला वेडं करता काय?"

मास्तरांनी पेन्सिलीचं टोक नीड्सवर टेकवलं. "मागते," ते म्हणाले. "ती मागते." मग पेन्सिल हेल्पवर नेली, ती खाली ठेवून त्याच हाताची अर्धी ओंजळ केली आणि त्या ओंजळीत काहीतरी आहे असं दाखवलं. मास्तरीणबाई त्या रिकाम्या ओंजळीकडे बघत राहिल्या. त्यांना समजलं. काल जे करायचं होतं, ते आज वस्तू होऊन मागायचं झालं होतं. उभ्या आयुष्यात त्यांना याने शिकवलेला हा पहिला धडा, आणि तोसुद्धा हातवाऱ्यांनी.

रेघा ओढणं जमत होतं. बोलणं काही केल्या जमेना. शेवटी बाईंनी युक्ती उलटी केली. आपण माझा म्हणायचं आणि पुढची जागा रिकामी सोडायची. त्यांचा हात धरून म्हणायच्या, "माझा...?" मास्तर तोंड उघडायचे आणि मिटायचे. पाय पुढे करून, "माझा...?" काही नाही. खुर्ची थोपटून, "माझी...?" काही नाही. सकाळी चहा गाळताना, दुपारी औषध देताना, अंघोळ घालताना, तेच टुमणं. एका दुपारी नाकावरचा चष्मा काढून घेऊन त्या रडकुंडीला येऊन ओरडल्या, "माझा...?"

"चष्मा," मास्तर म्हणाले.

दोघं एकमेकांकडे बघतच राहिली. मास्तरांचे डोळे चष्म्याविना बारीक झाले होते आणि ते लहान मुलासारखे हसत होते. मास्तरीणबाई पण हसल्या. त्यांनी लगेच स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "आणि मी? माझी...?"

मास्तरांचं हसू मावळलं. ओठ हलले. "अगं," ते म्हणाले.

"चष्मा आठवला मेला!" मास्तरीणबाईंनी चष्मा त्यांच्या नाकावर आपटला आणि त्या मशीनपाशी जाऊन बसल्या. ती अर्धी टीप मारलेली पँट समोर होती. पायाखालचं पॅडल दाबलं, चाक फिरलं, दोरा तुटला. पुन्हा ओवायला गेल्या तर सुईचं भोक दिसेना. मग त्या मशीनवर डोकं टेकून रडल्या, चांगल्या हुंदके देऊन रडल्या. आता यापुढे आपल्याच्याने होणार नाही, हे त्या मोठ्याने बोलल्याही.

मागून पाय ओढत येण्याचा आवाज आला. मास्तर दाराची चौकट धरून उभे होते. मुलाचं त्या दिवशीचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, हे तेव्हा कळलं.

"मी जातो," ते म्हणाले. "तू दमलीस. मी जातो. तू झोप."

एकही नाम नव्हतं, आणि काहीही सांगायचं राहिलं नव्हतं. मास्तरीणबाई खेकसल्या, "आधी खाली बसा. पडाल, आणि पुन्हा मीच उचलायचं."

ठरलेल्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. तो बाहेरच्या बाकावर बसला, ही दोघं आत गेली. त्या दिवशी मास्तरीणबाई इतक्या थकलेल्या होत्या की खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. मनात म्हणत होत्या, काय व्हायचं ते लवकर होऊन जाऊ दे. बोलत्या बाईने कप दाखवला. "पितात." छत्री दाखवली. "उघडतात." किल्लीला नुसताच हात फिरला. तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मास्तरीणबाईंचा फोटो पुढे सरकवला.

"सर, या कोण?"

मास्तरांनी फोटोकडे बघितलं. या खेपेला बायकोकडे बघितलं नाही. अगं येणार म्हणून मास्तरीणबाईंनी मन घट्ट केलं होतं. अगं आलं नाही. मास्तरांचा जबडा वाकडा झाला, मानेची शीर फुगली, आणि ते म्हणाले, "माझी."

बोलती बाई पुढे झुकली. "वा! माझी... कोण?"

"माझी," मास्तर म्हणाले. तोंड उघडलं, मिटलं. पुढचा शब्द येईना. त्यांनी डावा हात टेबलावर मारला, फळ्यावर मारायचे तसा. "माझी. माझी!" पुन्हा मारला. "माझी!" घामाने कपाळ ओलं झालं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता, कारण त्या हाताने ते टेबल बडवत होते.

"बा..." बोलत्या बाईने हळूच सुरुवात करून दिली. "बाय..."

"राहू द्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"काकू, एक मिनिट, येईल. पुढचा शब्दच तर हवा आहे. नामच आलं नाही अजून."

"आलं." मास्तरीणबाई उठल्या होत्या. त्यांनी टेबलावरचा तो हात दोन्ही हातांत धरला, आणि इतक्या वर्षांत चारचौघांत कधी केलं नव्हतं ते केलं, मास्तरांचं डोकं पोटाशी घेतलं. "बसलं हो. माझी म्हणालात ना? बसलं. आता नका त्रास करून घेऊ. बसलं."

मास्तर त्यांच्या पदराला डोळे पुसत राहिले. बोलत्या बाईने कागदावर काय लिहिलं कोण जाणे.

बाहेर मुलगा फोन हातात घेऊन उभा होता. "बोलले?"

"बोलले."

"काय म्हणाले?"

"ते आमच्या दोघांतलं आहे. त्या खोलीवाल्यांना नाही म्हणून कळव."

"आई, नीट विचार कर. चेहरा बघ जरा आरशात. किती दमली आहेस."

"दमलेय. उद्याही दमेन, परवाही दमेन. ते काही आज सुटलं नाही." मास्तरांना गाडीत बसवून, त्यांचा उजवा पाय उचलून आत ठेवून त्या सरळ झाल्या तेव्हा पाठीत कळ आली आणि त्या दाराला धरून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांना जन्मात पहिल्यांदा लाज वाटली नाही, "मला खोली नको. मला मदत हवी आहे. रविवारी तू येऊन यांना अंघोळ घालायची. रोजच्या उठवण्याबसवण्याला कुणीतरी बाई-माणूस बघायचं. ऐकलंस? मदत."

मुलगा काही बोलायच्या आत गाडीतून आवाज आला. मास्तरांनी डाव्या हाताची अर्धी ओंजळ केली होती आणि ती वर धरली होती.

"बसलं," ते म्हणाले.

मुलाला काही कळलं नाही. मास्तरीणबाईंनी मास्तरांच्या खिशातून ते पिवळं कापड काढलं, त्यांचा भिजलेला चष्मा पुसून पुन्हा नाकावर ठेवला आणि पलीकडच्या दाराने आत जाऊन बसल्या.